माझा फ्रॉक, आईचा चष्मा

"काढ गं तो फ्रॉक. पिंकीला घालायचाय."

मालकीणबाई असं म्हणाल्या तेव्हा मी सात वर्षांची होते. तासगावजवळ त्यांच्या बेदाण्याच्या शेडवर आईच्या शेजारी बसून बेदाण्यातल्या काड्या वेचत होते. अंगावर होता तेवढाच फ्रॉक. निळा. म्हणजे पूर्वी कधीतरी निळा असणार, मला मिळाला तेव्हाच त्याचा रंग उडालेला. काखेत उसवलेला. पाठीचं हुक तुटलेलं, तिथं आईनं सेफ्टी पिन लावलेली.

आम्ही जतकडचे. आमच्याकडं प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं यायचं, तिथं रोजगार कुठला? गावाच्या खालच्या आळीत घर. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. द्राक्षाचा हंगाम लागला की आई मला घेऊन तासगावला यायची आणि पार उन्हाळ्यापर्यंत शेडवर बेदाणा निवडायची. माझी शाळा बुडायची. मालकांची पिंकी माझ्याच वयाची, इंग्रजी शाळेत जायची. पिवळी गाडी न्यायला यायची. मला तिला पिंकीताई म्हणावं लागायचं.

पिंकीच्या शाळेत गॅदरिंग होतं. फॅन्सी ड्रेस. कोण डॉक्टर होणार, कोण परी होणार. मालकीणबाईंच्या डोक्यात भलतंच आलं. पिंकीला मजुराची पोर करायची. घरातले जुने कपडे घालून बघितले, पण ते त्यांना पटेनात.

"खरं दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी आईकडं बघितलं. मला वाटलं आई नाही म्हणंल. आई खाली बघून काड्या वेचत होती. हात थांबला नाही तिचा.

"दे गं," ती म्हणाली. "हसून दे."

मी दिला. हसून दिला. शेतात नाहीतर शेडवर काम करणाऱ्या बायका साडीवरून पुरुषी शर्ट घालतात ना, तो आईनं स्वतःच्या अंगातला काढून माझ्या अंगात घातला. गुडघ्यापर्यंत आला. बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास मारत होता. फ्रॉक औषधाच्या पाण्यात दोनदा धुवायला सांगितला मालकीणबाईंनी. कोणाला सांगितला? माझ्या आईलाच. तिनं धुतला.

वर आणि मलाही गाडीत घालून शाळेत नेलं. पिंकीला माझ्याकडं बघून शिकता यावं म्हणून. स्टेजच्या मागं शर्टात उभी केली. एका बाईंनी विचारलं, "ही कोण?"

"हिला बघूनच केलंय सगळं," मालकीणबाई म्हणाल्या. बाया हसल्या. मीही हसले. आईनं सांगितलं होतं ना.

मग मालकीणबाईंनी पिंकीच्या गालाला काजळ फासलं. तिचे केस विस्कटले. मी बघत राहिले. माझे केस आईनं सकाळीच तेल लावून विंचरले होते. दोन वेण्या, लाल रिबन. पाच वाजता उठून शेडवर जायचं असलं तरी आईनं माझी वेणी कधी चुकवली नाही. त्यांच्या डोळ्यासमोर मी दोन वेण्या घालून उभी होते, तरी त्यांना माझे केस विस्कटलेलेच दिसत होते.

पिंकी स्टेजवर गेली. वाकून चालली, हात पसरला आणि म्हणाली, "बाई, भाकरी द्या हो." हॉल टाळ्यांनी दणाणला. अहो, मी आयुष्यात कुणापुढं हात पसरला नव्हता! आम्ही आमची भाकरी फडक्यात बांधून आणायचो. लाल चटणी, कांदा. कधी कुणाच्या दारात उभं राहिलो नाही. हे ओरडून सांगावं असं लय वाटलं.

पिंकीचा पहिला नंबर आला. गाडीत बसताना मालकीणबाईंनी मला एक चॉकलेट दिलं. "घे, तुझ्या फ्रॉकला मिळालंय."

मी ते खाल्लं. कागदसुद्धा चाटला. फ्रॉक काढून घेतला त्याची लाज मला वाटत नाही, ती त्यांची त्यांनी बघावी. कागद चाटला त्याची वाटते. अजून वाटते.

त्यानंतर आईनं मला कधी शेडवर नेलं नाही. काय झालं, कसं झालं, एका अक्षरानं विचारलं नाही. पुढच्या हंगामाला मला मामाकडं ठेवून एकटी गेली. मी शिकले. मिरजेला नर्सिंग केलं, तिथंच नोकरीला लागले. लग्न झालं, सावी झाली. आईला मी माझ्याकडं आणली. बेदाणा निवडून निवडून तिचे डोळे अधू झालेले. मी तिला चांगला जाड चष्मा करून दिला. आता ती घरात गाऊन घालते, खांद्यावर टॉवेल टाकते, मोबाइलवर बातम्या ऐकते आणि सगळ्या जगाला शिव्या घालते. अशी माझी आई आहे. हे आधी सांगते, कारण पुढं मी तिचं काय केलं ते सांगायचंय.

मला दुबईत नोकरी मिळाली. नवरा आधीच तिकडं गेलेला, एसी दुरुस्तीच्या कामावर. सावी पाच वर्षांची. तिकडं आपल्यासारख्यांच्या पोरांना खाजगी शाळाच बघावी लागते. दोन शाळा डोळ्यासमोर होत्या. एक साधी, भारतीय अभ्यासक्रमाची. वर्गात गर्दी, ड्रायव्हर-नर्सांची पोरं. आणि एक मोठी, गोऱ्या बाई शिकवायला असलेली, पोहायचा तलाव असलेली. नवरा फोनवर म्हणाला, "बघ बाई, तुला पटंल ती." मला मोठीच पटली. मला पिंकीची शाळा पाहिजे होती. सावीसाठी नव्हे, माझ्यासाठी. हे तेव्हा कबूल केलं नसतं.

त्या शाळेत जागा थोड्या. अर्जासोबत कुटुंबाची ओळख करून देणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता. सांगलीत एक मॅडम असे अर्ज भरून देतात, त्यांच्याकडं गेले. त्या म्हणाल्या, "पियानो, स्केटिंग सगळेच दाखवतात हो. तुम्ही मातीतलं काहीतरी दाखवा. घरात आजी आहे ना? नऊवारी नेसवा, जात्यावर बसवा. बाहेरच्यांना फार आवडतं. फक्त खरं दिसलं पाहिजे."

खरं दिसलं पाहिजे. मला तिथंच तो फ्रॉक आठवायला पाहिजे होता. आठवला नाही, असं म्हटलं तर सुटेन मी. पण खोटं कशाला बोलू? आठवला. चांगला सेफ्टी पिनेसकट आठवला. मी तो मागं ढकलला.

आई म्हणाली, "आगं, मी कवा नऊवारी नेसली? माझी सासू नेसायची."

"दोन मिनटाचं काम हाय आई. सावीसाठी."

सावीसाठी म्हटलं की आई काहीही करील, हे मला माहीत होतं. लुगडं शेजारणीच्या सासूचं आणलं. जातं खालच्या मजल्यावरच्या काकूंचं, त्यांनी शोभेला ठेवलेलं. वरची कुंडी उतरवली. खुंटा नव्हता, त्यात लाटणं ठोकून बसवलं. आईनं जात्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याला टाकी लावलेली न्हाई, दगड गुळगुळीत झालाय. नुसतं फिरंल, पीठ न्हाई पडायचं." मी डब्यातलं पीठ आणून जात्याभोवती पसरलं.

"चष्मा काढ," मी म्हणाले.

"दिसंना गं मला."

"तुला काय बघायचं न्हाई. तू दिसायला पाहिजेस."

माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. जसेच्या तसे सांगितले. तिनं चष्मा काढला, ठेवायला जागा दिसेना म्हणून हवेत हात चाचपडत राहिली. मी तो काढून घेतला. मग मी चिमूटभर पीठ घेतलं आणि आईच्या गालाला फासलं. थोडं केसांना.

आई डोळे मिचकावत म्हणाली, "हसू का गं?"

"हस," मी म्हणाले.

सावी शेजारी बसून पाठ केलेलं इंग्रजी बोलली. ही माझी आजी, ती रोज जात्यावर दळते. रोज! आमच्या घरात गिरणीचं पीठ येतं.

पंधरा दिवसांनी शाळेचं पत्र आलं. सावीची निवड झाली होती. पुढं लिहिलं होतं, आजीचा व्हिडिओ आम्ही सर्व शिक्षकांना दाखवला. शाळेच्या संस्कृती दिनाला सावीनं आजीच्या वेशात यावं, आम्हाला आनंद होईल.

मी उड्या मारल्या अक्षरशः. "आई, नंबर लागला! पहिल्या झटक्यात लागला!" पेढे आणले. आजी व्हायचंय हे सावीनं ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात पळाली. बाहेर आली तेव्हा गालाला पीठ, केसात पीठ, कमरेला टॉवेल गुंडाळलेला. कमरेत वाकली. डोळे गच्च मिटले. दोन्ही हात पुढं करून चाचपडत चालायला लागली.

"दिसंना गं मला," सावी म्हणत होती. "दिसंना गं मला."

मी हसले. आधी हसले, हेही सांगते. लेक काय हुबेहूब करते, असं कौतुक वाटलं मला. मग आईकडं लक्ष गेलं. आई खुर्चीत बसली होती. हातातला पेढा तसाच.

"तुझा फ्रॉक मी दिला व्हता," आई म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या फ्रॉकचं नाव तिनं काढलं. "पोटासाठी दिला. त्यो मला अजून गिळंना. आता शाळेसाठी माझा चष्मा तू दिलास. फिटलं म्हण."

"आई, चुकलं माझं."

"माझी माफी नगं मला. त्या पोरीला सांग, आजी कशी व्हती ती. तिला ठावं न्हाई अजून."

मी सावीचं तोंड धुतलं. पीठ निघता निघेना, केसात गोळे झालेले. तिला समोर बसवून सगळं सांगितलं. शेड, पिंकीताई, शर्ट, भाकरी, चॉकलेट. आजीनं वर्षानुवर्षं काड्या वेचल्या म्हणून ही आई नर्स झाली आणि म्हणूनच आजीला चष्म्याबिगर दिसत नाही, हे सांगितलं.

"मग पिंकीताईनं फ्रॉक परत दिला?" सावीनं विचारलं.

"दिला."

"तू रडलीस?"

"न्हाई. हसले."

"का?"

मी तिच्या केसातला उरलेला पिठाचा गोळा सोडवत राहिले.

त्याच दिवशी मी शाळेला लिहिलं. इंग्रजी माझं साधंच आहे, साधंच लिहिलं. लुगडं आमचं नाही. जातं आमचं नाही, त्यातनं पीठ पडत नाही. माझी आई बेदाणा निवडणारी मजूर होती. ती गाऊन घालते आणि चष्मा लावते. मी तिला खोटं सजवलं, चूक माझी आहे, तिची नाही. व्हिडिओ काढून टाका, पुन्हा कुणाला दाखवू नका. माझी मुलगी आजीच्या वेशात येणार नाही, कारण तिची आजी म्हणजे वेश नव्हे.

सांगलीच्या मॅडमना कळलं तेव्हा त्यांचा फोन आला. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? हातची सीट घालवताय! एवढ्याशा गोष्टीवरून?"

"ती एवढीशी असती तर तुमच्या आईला बसवलं असतंत," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

शाळेचं उत्तर आलेलं नाही. सीट गेली असंच धरून चाललेय. पोहायचा तलाव गेला, गोऱ्या बाई गेल्या. लेकीचं नुकसान केलं का मी? असंल. तो हिशेब सावी मोठी झाली की तिनं माझ्याकडं मागावा, मी समोर उभी राहीन. आईचा तर मिटणारच नाही. पुढच्या महिन्यात आम्ही विमानात बसू. आई इकडंच राहील, माझ्या मामाकडं, आणि तिच्या गालाला पीठ फासलेली माझी बोटं माझ्याबरोबर येतील.

दुसऱ्या शाळेत अर्ज केलाय. त्या साध्या, गर्दीच्या. सावीची मुलाखत पुढच्या मंगळवारी आहे, व्हिडिओ कॉलवर. कुटुंबातल्या सगळ्यांनी हजर राहावं असं कळवलंय. आई मधोमध बसणार. गाऊनवर, टॉवेल खांद्यावर, जाड चष्मा लावून. ही कोण, असं विचारलं की सावी सांगेल, ही माझी आजी, ही शेडवर बेदाणा निवडायची. चाललं तर चाललं. नाही चाललं तर तिसरी शाळा शोधीन, चौथी शोधीन. पण तो चष्मा कुणाच्या सांगण्यावरून उतरणार नाही. माझ्यासुद्धा.