भट्टीपासून लांब, तीन महिने

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा सांगवीतल्या एका डॉक्टरबाईंनी मला एकच काम सांगितलं होतं. ते मी केलं नाही. बाकी जे काही करायचं होतं ते सगळं बायकोने केलं.

आम्ही मूळचे लातूरकडचे. मी चाकणला, गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत, हीट ट्रीटमेंटला. म्हणजे भट्टीवर. गिअर लाल होईपर्यंत तापवायचे आणि तेलात बुडवायचे, आठ तास हेच. चिंचवडला भाड्याच्या दोन खोल्या, जायला-यायला कंपनीची बस. सगळं बरं चाललं होतं, फक्त मूल होत नव्हतं. पहिली चार-पाच वर्षं तपासण्या झाल्या त्या तिच्याच. नळ्या मोकळ्या आहेत का हे बघायला पोटात औषध सोडून एक्स-रे काढले, त्यानंतर दोन दिवस ती कळवळत होती. तिचं सगळं व्यवस्थित निघालं. माझी तपासणी म्हणजे एका डबीत सॅम्पल द्यायचं, बस्स. तेवढ्यालाही मी ओव्हरटाइमची कारणं सांगत राहिलो. आपल्यात काही कमी असेल हे माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं. पुरुष म्हणवून घेणाऱ्यांचं डोकं तसंच असतं.

शेवटी दिलं सॅम्पल. शुक्राणू कमी होते आणि होते त्यांची चाल मंद होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, काम काय करता? भट्टी म्हटल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"उष्णता शुक्राणूंना सोसत नाही," त्या म्हणाल्या. "जमलं तर डिपार्टमेंट बदला. पण लगेच फरक पडणार नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तीन महिने तरी भट्टीपासून लांब राहा. मग आपण आययूआय करू."

आययूआय म्हणजे काय ते त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. नवऱ्याचं सॅम्पल धुऊन त्यातले चांगले निवडायचे आणि बारीक नळीने थेट बायकोच्या गर्भाशयात सोडायचे. भूल नाही, ऑपरेशन नाही. बहुतेकांना पहिल्याच वेळी यश येत नाही, तीन-चारदा करून बघायचं, नाहीच झालं तर पुढचा विचार. ऐकायला इतकं सोपं वाटलं की बाहेर पडल्यावर आम्ही दोघांनी उभ्या उभ्या उसाचा रस प्यायला आणि नावंसुद्धा काढली. नावं तिने काढली, मी मान डोलवली.

आता डिपार्टमेंट बदलायचं तर कारण सांगावं लागणार. आमचा सुपरवायझर मोशीचा, जुन्या गावातला, दणदणीत आवाजाचा माणूस. त्याच्या कानात सांगितलेली गोष्ट अख्ख्या डिपार्टमेंटला ऐकू जायची. मी त्याच्या केबिनच्या दारात गेलो. "काय रं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "ग्लोव्ह्ज पाहिजे होते." चार दिवसांनी परत गेलो, परत ग्लोव्ह्ज घेऊन आलो. असं करत माझ्या लॉकरमध्ये नऊ जोड साठले. काही कारण ठोकून द्यायचं, पाठदुखी म्हणायचं, एवढीही अक्कल सुचली नाही. जणू तोंड उघडलं की कपाळावर उमटणारच होतं.

घरी बायको रोज विचारायची. एका संध्याकाळी वेळ मारून नेण्यासाठी मी म्हणालो, "झालं काम. फायनल इन्स्पेक्शनला टाकलं मला." त्या दिवशी तिने शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला, याची आज स्वतःची किळस येते.

तीन महिन्यांनी सुरुवात झाली. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग पाच दिवस गोळ्या, मग इंजेक्शनं. मग एक दिवसाआड पुन्हा सोनोग्राफी, बीज किती वाढलं ते बघायला. पुरेसं वाढलं की ते फुटण्यासाठी आणखी एक इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी आययूआय. मला त्या दिवशी फक्त एका खोलीत आतून कडी लावून डबी भरून द्यायची असायची. ती टेबलावर झोपायची. आटोपल्यावर पंधरा मिनिटं तशीच पडून राहायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "काहीच दुखलं नाही." मग दोन आठवडे नुसती वाट बघायची. मला कोणी विचारलं तर मी सांगेन, ते दोन आठवडे सगळ्यात वाईट. पोटात जरा दुखलं तरी आशा, नाही दुखलं तरी आशा.

पहिल्या वेळी पाळी आली तेव्हा ती रडली. दुसऱ्या वेळी सोनोग्राफीच्या फायली कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकल्या. तिसऱ्या वेळी सॅम्पल धुतल्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या, तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "काही फरक नाही. भट्टी सोडलीत ना?" मी म्हणालो, "हो मॅडम." बायको खाली फरशीकडे बघत होती.

तेराव्या दिवशी पाळी आली. दुपारची वेळ, माझी सुट्टी होती. ती बाथरूममधून बाहेर आली, दोरीवरचा माझा युनिफॉर्म काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"वास घ्या," ती म्हणाली.

मला कळेना.

"घ्या ना. धुतलेला आहे. तरी तेलाचा वास आहे. सहा वर्षं धुतेय मी, भट्टीच्या तेलाचा वास मला कळत नाही? तुमचे कपडे कोण धुतं?"

"तुला कधीपासून..."

"शिरा केला त्याच आठवड्यात. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग इंजेक्शन घेताना वाटायचं, माझंच नाक चुकत असेल. माणूस इतकं खोटं कसं बोलेल?" मग तिचा आवाज चढला. "एका सुपरवायझरला सांगायची लाज वाटली तुम्हाला. मी किती जणांसमोर साडी वर केली ते मोजलंय कधी?"

सासर-माहेर, शेजारपाजार, सगळे तिलाच औषधं सुचवत होते आणि मी मूग गिळून बसलो होतो. मी तिचा गुन्हेगार आहे, हे मला त्या दुपारी स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांचा कागदही दाखवला. सुपरवायझर नेहमीसारखा ओरडला नाही. उठून त्याने दार लावलं.

"येवढंच व्हय? आरं, आधी न्हाई का सांगायचं? मागल्या दिवाळीपासनं पॅकिंगला मानूस मागतोय मी." आणि तिथंच अर्जावर सही केली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मी बाहेर येऊन लॉकररूमच्या बाकावर बसलो आणि ढसाढसा रडलो.

क्लिनिकच्या बाहेर बसलेली जोडपी दिसतात तेव्हा त्यातल्या नवऱ्यांना हलवून सांगावंसं वाटतं, राव, आधी स्वतःची तपासणी करा, आणि डॉक्टर सांगतील ते करा. पण सांगत नाही. मला कोणत्या तोंडाने सांगता येईल?

पॅकिंगला तीन महिने भरल्यावर मी एकटाच जाऊन तपासणी करून आलो. आकडा वाढला होता, चालही सुधारली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हा एकदा करून बघायला हरकत नाही. मी धावतपळत घरी आलो आणि रिपोर्ट बायकोसमोर धरला. ती मेथी निवडत होती. तिने हात पुसले, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, नीट घडी घालून परत दिला.

"चांगलं झालं," ती म्हणाली.

"मग? पुढच्या महिन्यात जायचं?"

"मी आता त्या टेबलावर झोपणार नाही."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी पाय धरले असते.

"पण भट्टी सोडलीत ते बरं केलं," ती मेथीची जुडी पुढे ओढत म्हणाली. "उन्हाळ्यात फार त्रास व्हायचा तुम्हाला."