सत्काराची शाल

दैवशाला, तुझी शाल अजून माझ्या कपाटात आहे. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीय, कसर लागलेली नाही. सात वर्षं माझ्याकडं भाड्यानं राहिलीस, म्हणून तुझी गोष्ट लिहायला घेतली. फोनवर तू म्हणालीस, "लिव्हा की बाई, त्यात काय चोरी हाय." तीच परवानगी समजते.

तर ही दैवशाला चुडाव्याकडची. बाप बन्सीधर, त्याच्या पंचवीस-तीस शेळ्या आणि दोन एकर कोरडवाहू. पोरगी बारावीला शाळेत पहिली आली तेव्हाच गावानं ठरवून टाकलं, की ही साहेब होणार. तिला कुणी विचारलं नाही. पदवी झाली, तिनं परभणीत खोली घेतली, अभ्यासिकेत एक्केचाळीस नंबरची खुर्ची घेतली आणि फौजदाराच्या परीक्षेला लागली. खोलीत समोरच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं. दर सहा महिन्यांनी कागद नवा, मजकूर तोच.

पाचव्या वर्षी ती मुख्य परीक्षा पास झाली. मैदानी चाचणी आणि मुलाखत राहिली होती. पण चुलतभाऊ हरिओमनं मोबाईलवर यादीत तिचं नाव पाहिलं आणि तिला विचारायच्या आत गावच्या ग्रुपवर टाकून दिलं, "आपल्या गावची पहिली बाई फौजदार." दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. कुणा दुसरीच्याच वर्दीवर दैवशालाचं डोकं बसवलेलं आणि खाली बावीस शुभेच्छुक, एकेकाचं तोंड तिच्या तोंडाएवढं.

मारुतीच्या पारावर सत्कार झाला. माजी सरपंच माणिकरावांनी शाल उलगडली तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, अजून मुलाखत राहिलीय."

"ती नावालाच असती. तू क्यामेऱ्याकडं बघ."

ती कॅमेऱ्याकडं बघत राहिली.

शेवटच्या यादीत ती तीन गुणांनी हुकली. पहिली यादी वाचायला गाव लोटतं, शेवटची कुणी उघडूनही बघत नाही. त्यामुळं गावाच्या लेखी ती फौजदारच राहिली. शेजारच्या बायनाबाईचा फोन आला, "आमच्या रामची फटफटी पोलिसानं धरलीय, तेवढी सोडीव बाई."

"मावशी, मी अजून लागले न्हाई."

"आता मोठी झालीस. गरिबाचं काम कशाला करशील?"

मग तिनं फोन उचलणंच सोडलं. आणखी दोनदा परीक्षेला बसली, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर. एकच पान तीनदा वाचायची आणि मिटल्यावर काय वाचलं ते आठवायचं नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या मुली बदलत गेल्या. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न लागलं, ही आपली एक्केचाळीसवर. थकली होती पोरगी. पण थकले म्हणायला आधी बापाला सांगायला हवं होतं, की ती फौजदार झालीच नव्हती. तेवढं तिच्यानं होत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर एकदा ती दुपारच्या गाडीनं चुडाव्याला उतरली आणि चालत घरी गेली. शेळ्यांच्या गोठ्यावर तोच फ्लेक्स टाकला होता. खांद्यावरचे तारे उन्हानं उडाले होते. बन्सीधर खाली बसून शेळीची खुरं कापत होता. तिनं पिशवी ठेवली आणि शेळीचा पाय धरला.

"आबा, माझं झालं न्हाई."

"ठाव हाय."

"कवापासून?"

"दोन वर्सं झाली. हरिओमनं सांगितलं."

"मग पोस्टिंग निघायलीय म्हणून का सांगत हिंडता?"

बन्सीधरनं दुसरं खूर धरलं. "मंग काय सांगू? चारचौघांत शाल घेतली की आपण."

आता तिला कळलं, गाडं कुठं अडलंय. परीक्षा हुकली ते गाव विसरलं असतं, शाल विसरणार नव्हतं. तिनं पेटीतून शाल काढली आणि तडक माणिकरावांचं घर गाठलं. ते ओसरीत शेंगा सोलत होते. शाल बघून त्यांनी हात मागं घेतले.

"दिलेली शाल मागं घेत नसतेत, पोरी. अपशकुन असतोय. ठिव तुझ्यापाशी. पुढच्या टायमाला नवी आणायचं काम न्हाई."

ते हसले. सवयीनं तीही हसली.

आठवडाभरात तिनं खोली रिकामी केली. पुस्तकं शेजारच्या खुर्चीवरच्या निकिताला दिली. शाल माझ्या हातात ठेवून म्हणाली, "माणिकरावकाका दर मंगळवारी परभणीला येत्यात. तुमीच द्या, बाई. तुमच्यापुढं ते न्हाई म्हणणार न्हाईत. ती एकदा त्यांच्या घरात गेली की आबाला तोंड उघडता येईल."

मी "देते" म्हणाले.

आता ती सकाळी शेळ्या घेऊन निघते. लोक बांधावरून म्हणतात, "फौजदारीणबाई, रामराम." ती रामराम घालते आणि पुढं जाते. बन्सीधर अजून पोस्टिंग निघायलीय म्हणूनच सांगत हिंडतो.

दैवशाला, माणिकराव आले होते. दोन महिने झाले, मंगळवारच होता. नात प्रियांका सोबत होती. बारावीला शाळेत पहिली आलीय म्हणे. "आमच्या फौजदारीणबाईचीच खोली द्या हिला," म्हणाले, "पायगुण चांगलाय." मुलगी दारातच उभी होती, आत ये म्हटलं तरी येईना. तुझी खोली तिला उघडून दाखवली, तर ती आधी भिंतीवरच्या तुझ्या चिकटपट्टीच्या खुणा बघत राहिली.

कपाट माझ्या पाठीशीच होतं आणि किल्ली कमरेला. त्या पोरीसमोर शाल बाहेर काढणं मला जमलं नाही. मी चहा टाकला. ते चहा पिऊन, सोमवारी सामान आणतो म्हणून गेले.

त्यानंतर आठ मंगळवार झाले.