चॉकलेटच्या बैलाची खांदशेकणी

मारेगावात माझं चॉकलेटचं लहानसं दुकान आहे. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, थ्री-डी प्रिंटरवर त्याचा प्लास्टिकचा नमुना छापायचा, नमुन्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि त्यात चॉकलेट ओतायचं, हे माझं काम. आधी हसलेले लोक आता वाढदिवसाला माझ्याकडेच येतात. मला त्याचा माज होताच.

गेल्या साली फवारणीच्या दिवसांत बाबांच्या हातून बैलाचा कासरा सुटला. त्यानं औषध उडालेलं धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, गवत खाल्लं आणि संध्याकाळी गेला. जोडीतला दुसरा मग मामाकडे दिला. त्या दिवसापासून बाबा बोलेनासे झाले. हो-नाही तेवढं मानेनं सांगायचे. आईनं नाना उपाय केले. मला वाटलं, जे कुणाला जमलं नाही ते माझं मशीन करील.

मोबाइलमध्ये बैलाचे फोटो होते. डावं शिंग आत वळलेलं, खांद्यावर जुवाचा घट्टा. तो घट्टा जमेपर्यंत मी तीन नमुने वाया घालवले. चॉकलेटही अस्सल घेतलं, हलका माल मी ठेवत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावी जाऊन बैल पाटावर ठेवला. बाबा हसतील, एखादा कान तोडून खातील, एवढीच माझी अक्कल.

बाबांनी घट्ट्यावर बोट फिरवलं. उठले, चुलीवर तूप-हळद गरम केली, पळसाचं पान त्यात बुडवलं. वर्षभर जू वाहिलेला खांदा त्या दिवशी शेकतात, तसा ते शेकू लागले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाबा बैलाला पोळ्याच्या जेवणाचं आमंत्रण देत होते. जवळजवळ वर्षानं तो आवाज ऐकला. आई पदर तोंडाशी धरून दारात उभी होती. चॉकलेटला किती ऊब सोसते, हे त्या घरात मला एकटीला ठाऊक होतं. पण मला तो आवाज आणखी ऐकायचा होता. मी गप्प बसले, आणि याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

आधी घट्टा गेला. मग खांदा खचला आणि मान पाटावर आली.

बाबांनी हातातल्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याही खेपेले म्याच मारलं का वं, बाई?"

"नाही बाबा, मी," असं म्हणेपर्यंत ते रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले होते. आता ते मानही हलवत नाहीत.