सभागृहात सांगितलेली बहीण

तीस वर्षं मी प्रयोगशाळेत थुंकीचे नमुने तपासले. निवृत्त झाल्यावर कांदिवलीच्या घरात एकटीला दिवस सरेना, म्हणून वस्त्यांमध्ये जाऊन क्षयरोगाची माहिती द्यायला लागले.

पहिलं भाषण दिंडोशीच्या एका वसाहतीच्या हॉलमध्ये होतं. जंतूंची मोठमोठी चित्रं नेली होती. पंधरा-वीस बायका. दहा मिनिटांत निम्म्या मोबाइलमध्ये. पुढे बसलेली कोकणातली एक म्हातारी म्हणाली, "बाय, ह्या सगळा खरा असात. पण तुझ्या घरात कोणाक झालो होतो काय?"

झाला होता. माझ्या धाकट्या बहिणीला. बाहेर आम्ही कधी बोललो नव्हतो. मी चित्रं खाली ठेवली आणि सांगून टाकलं. दोन महिने गोळ्या घेतल्यावर तिचा खोकला गेला, अंग जरा भरलं. तेवढ्यात स्थळ आलं. पाहुण्यांना दिसतील म्हणून तिने गोळ्या माळ्यावर टाकल्या, त्या पुन्हा काढल्याच नाहीत. मी लॅबमध्ये काम करणारी, मला कळत होतं. पण लग्न जमावं असं मलाही वाटत होतं. गप्प बसले.

"गोळीने आधी कमजोर जंतू मरतात," मी म्हटलं. "चिवट असतात ते मागे राहतात. आपण मध्येच थांबलो की त्यांचीच पिल्लावळ वाढते. मग तीच गोळी चालत नाही. तिला चालली नाही."

"मगे?" म्हातारीने विचारलं.

"गेली."

रिक्षाची वाट बघत होते, तर त्या बायकांमधली एक तरुण सून मागोमाग आली. "ताई, पंधरा दिवस झाले, मी गोळ्या बंद केल्यात. सासूला आजाराचं कळलं तर वाट लागेल ना."

"उद्या दहाला दवाखान्यात ये. मी थांबते."

ती आली. उरलेले सगळे महिने तिने नेटाने औषध घेतलं. बरी झाल्यावर फोनवर रडली, आणि मीही.

तेव्हापासून चित्रं नेत नाही. मरोळच्या कारखान्यात हिंदीत, शाळेत मुलांना कळेल अशी, पण गोष्ट हीच. लोक ऐकतात. फक्त त्या गोष्टीत माझी बहीण खोकते, गोळ्या लपवते आणि मरते, एवढंच. ती झकास शिट्टी वाजवायची, आईची नक्कल करायची, हे कुणाच्या उपयोगाचं नसतं. एकदा सांगायला घेतलं, तर आयोजक घड्याळ बघायला लागले.

आई-वडील गेले. तिला ओळखणारी आता मी एकटीच. घरी आल्यावर तिच्या शिट्टीची चाल आठवायला बसते. अलीकडे आधी खोकलाच ऐकू येतो.