सुलोचनावयनींच्या म्हशीला लागलेली दिष्ट

म्हैस रवंथ करत नव्हती. डाव्या कुशीवर मूठ दाबली, तर कूस ओल्या पोत्यासारखी आत गेली आणि तशीच राहिली. स्टेथोस्कोप लावला. निरोगी जनावराच्या पोटात थोड्या थोड्या वेळाने गडगड ऐकू येते. इथे सगळं शांत. शेण पातळ पडलं होतं आणि त्याला आंबूस वास येत होता.

"डॉक्टरानू, वाचतली मा?" सुलोचनावयनींनी विचारलं.

तोंडवलीच्या बाजूची एक वाडी. मी तेव्हा त्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होतो. निवृत्ती जवळ आली होती. सुलोचनावयनींकडे ही एकच म्हैस, पण तिच्यावर त्यांचा जीव आणि घर दोन्ही. वाडीतली चार घरं आणि समुद्राकडचे होमस्टे त्यांच्याकडून दूध नेत.

"वाचतली," मी म्हटलं. "कालपासून काय खावक घातलास?"

"तुमी सांगलास ताच. नवीन खाद्य. माझो झील कसालच्या बाजारातसून घेवन इलो. बरा पाटीभर घातलय. तुमीच म्हणालास मा, दूद वाढतला?"

मला त्या क्षणी सगळं कळलं.

इथे थोडं समजावून सांगतो. म्हशीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सगळ्यांत मोठा. तिथे अन्न पचत नाही, आधी आंबतं. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं तसंच समजा. ते आंबवणारे सूक्ष्मजीव त्या कप्प्यात राहतात आणि रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. पेंढा आणि कोंडा खाणाऱ्या म्हशीपुढे एकदम पाटीभर नवीन खाद्य, म्हणजे मक्याचा भरडा, आला की त्यांचा ताळ सुटतो. पोटात आम्ल तयार होतं. जनावर खाणं टाकतं, दूध आटतं. वेळेवर उपचार नाही झाले तर मरतंही. म्हणून नवीन खाद्य सुरुवातीला जुन्यात चिमूट चिमूट मिसळायचं आणि आठवडाभरात हळूहळू वाढवायचं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलालाही हे ठाऊक असतं.

मी ते सांगायला विसरलो होतो.

दोन दिवसांपूर्वी याच गोठ्यात उभा राहून मी खाद्याबद्दल बोलत होतो, तेवढ्यात ऑनलाइन बैठकीसाठी वरिष्ठांचा फोन आला.

"डॉक्टर, व्हीसी सुरू झाली. तुम्ही कुठे आहात?"

"सर, व्हिजिटला."

"व्हिजिट होत राहील. लसीकरणाचं टार्गेट विचारतायत. जॉइन व्हा आधी!"

मी मोटारसायकल काढली आणि निघालो. जे वाक्य बोलायचं होतं ते तोंडातच राहिलं. वयनींनी मात्र मी सांगितलेलं सगळं मनापासून केलं.

आता त्यांना खरं सांगायची वेळ होती. मी बॅगेतून खाण्याच्या सोड्याची पुडी काढत होतो आणि वाक्य जुळवत होतो. वयनीच बोलल्या.

"माका म्हायत आसा काय झाला ता. दिष्ट लागली. काल सांजेक फिलू इली दुदाक. म्हणाक लागली, 'काय गो सुलू, म्हस कसली टरटरीत दिसता तुझी!' आणि पाठीर हात फिरवल्यान. रातीसून ही तऱ्हा."

फिलू म्हणजे शेजारच्या फिलोमिनाबाई. त्यांना सगळे फिलूबाय म्हणत. दोघी एकाच वाडीत नांदायला आल्या होत्या, एकीचं लग्न देवळात झालेलं आणि दुसरीचं चर्चमध्ये. गणपतीत फिलूबाय सुलोचनावयनींकडे करंज्या वळायला बसायच्या. नाताळात वयनींच्या घरी फिलूबायंकडून दोदोल या नारळी मिठाईचा डबा यायचा. दोघींची थट्टा तर अखंड चालायची.

मी सोडा पाण्यात ढवळत राहिलो. वयनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डॉक्टर काय म्हणतो याची वाट पाहत होत्या.

मी म्हणालो, "असात. तुमचा काय ता तुमी करा. माझा औषध पण चुकवू नकात."

'असात.' म्हणजे असेल. एवढंच बोललो. मला मोकळं वाटलं, हेही खरं सांगतो. ह्या वाडीत नवीन खाद्य वापरा म्हणून मी महिने महिने मागे लागलो होतो. डॉक्टरच्या सांगण्याने म्हैस आडवी झाली, ही बातमी तिन्हीसांजेच्या आत सगळ्या गोठ्यांत पोचली असती. दिष्ट आयती पुढे आली आणि मी तिच्या आड जाऊन उभा राहिलो.

म्हैस बरी झाली. खाद्य बंद केलं, सोडा पाजला, सलाईन लावलं, नुसता पेंढा ठेवला. वयनींनी राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, नारळ दिला आणि म्हशीच्या गळ्यात काळा दोरा बांधला. हळूहळू दूधही परत आलं. पुढे खाद्य मी नीट सांगून सुरू केलं, "आता पोट नाजूक आसा" असं कारण देऊन. त्यावरही कोणी काही विचारलं नाही.

फिलूबायंना मात्र दूध मिळेना. आधी "आज कमी इला" झालं. मग "होमस्टेवाल्यांनी आगाव सांगून ठेवल्यानी." फिलूबाय काय ते समजल्या आणि दुकानातून पिशवीचं दूध आणू लागल्या. मी व्हिजिटला जायचो तेव्हा हे दिसायचं. मी म्हशीचं तापमान बघायचो आणि यायचो. पुढे बदली झाली, मग निवृत्त झालो आणि मालवणात घरी येऊन बसलो.

दिष्टीला मी कधी हसलो नाही. तिच्यावर विश्वास ठेवणारी माणसं मी सगळीकडे पाहिली. घाटावर नोकरीत होतो तिथे गोठ्याच्या दारावर जुनी चप्पल उलटी टांगायचे. आमच्याकडे आंब्याच्या बागेत राखणीला येणारे नेपाळी आपल्या पोराच्या कपाळाला काजळाचा एवढा मोठा ठिपका लावतात की पोर आधी दिसत नाही, ठिपका दिसतो. एका होमस्टेमध्ये परदेशातली एक बाई भेटली होती, तिच्या किल्लीला निळा काचेचा डोळा. मी विचारलं तर म्हणाली, आईने दिलाय, काढवत नाही. आणि फिलूबाय स्वतः मीठमिरची ओवाळून दिष्ट काढायच्या, फक्त तोंडाने प्रार्थना ख्रिस्ताची. आपल्या माणसाला काही होऊ नये, एवढंच त्या सगळ्यामागे असतं. दिष्ट कोणाची, हे नाव घेऊन सांगितलं जातं तेव्हा मात्र ती गोष्ट वेगळी होते. ते मला कळत होतं. तरी मी गप्प होतो.

यंदा फिलूबायंचा मुलगा सायमन माझ्या घरी आला. पर्यटकांना होडीतून फिरवण्याचा त्याचा धंदा आहे. कुत्र्याला इंजेक्शन द्यायचं होतं. ते झाल्यावर तो उठेना.

"डॉक्टर, एक इचारू? माका चेडू झाला."

"अरे वा, लेक! पेढे खंय?"

"पेढे देतय. पण आवस तेका उचलना नाय. दारात ऱ्हवान बघता, ता पण डोळे अर्धे मिटून. न्हाणाक घालूक बाहेरची बाई लावची लागली. बायलेक वाटता, चेडू झाला म्हणान सासूक नको. बाळाक घेवन म्हायेराक जातय म्हणता, वेंगुर्ल्याक. परत येयत असा वाटना नाय."

"आवस काय म्हणता?" मी फिलूबायंबद्दल विचारलं.

"माझी नजर वायट, म्हणता. सुलूकाकीची म्हस आटली ती माझ्यान. तुमीच तेवा औषध दिलास मा? म्हणान इचारतय. असा काय असता?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, सुलोचनावयनी रुसल्या आहेत, एवढंच. फिलूबायंनी तो आरोप स्वतःच खरा मानला असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. यायला हवं होतं. दिष्टीवर त्यांचाही तेवढाच विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत गेलो. आधी सुलोचनावयनींकडे. त्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आमसुलं वाळत घालत होत्या.

"येवा डॉक्टरानू! वाट चुकलास?"

"वयनी, एक सांगूचा आसा. त्या वेळेक म्हशीक दिष्ट लागूक नव्हती. माझी चूक झाली." आणि मी सगळं सांगितलं. खाद्य, फोन, राहिलेलं वाक्य.

त्यांचा हात आमसुलांवरच थांबला.

"म्हणजे माझी म्हस तुमी मारूक घातललास?"

"होय."

"आणि मी फिलूचा नाव घेतलय, तेवा तुमी मिठाची गुळणी धरललास?"

"होय."

"शिकलेलो माणूस!" त्या म्हणाल्या. त्यांनी आणखीही बरंच सुनावलं, ते सगळं योग्य होतं. शेवटी पदराने हात पुसत उठल्या. "चला. हुबे कित्याक? फिलूकडे चला."

फिलूबाय ओटीवर मासे साफ करत होत्या. सुलोचनावयनींना दारात बघून त्यांच्या हातातला बांगडा भांड्यात पडला.

मी सगळं पुन्हा सांगितलं. पोटाचे कप्पे, आंबोळीचं पीठ, मका, आम्ल. सून बाळाला मांडीवर घेऊन आतल्या दारात बसून ऐकत होती. फिलूबायंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि त्या हसल्या.

"डॉक्टर, तुमी देवमाणूस. सायमन तुमच्याकडे इललो, माका म्हायत आसा. माझ्यासाठी तुमी चूक आपल्या डोक्यार घेतास."

"फिलूबाय, खरा सांगतय!"

"म्हस सोडा. वाडयेतल्या पावलूच्या होडयेक बरी म्हणालय, तिचा इंजिन बसला. मामाच्या फणसाक बरो म्हणालय, तो वाऱ्यान पडलो. मगे?"

"इंजिनात रेती गेलली, माका पावलूनच सांगल्यान. फणस पोकळ होतो."

"तुमच्याकडे सगळ्याक उत्तर आसा," त्या मायेने म्हणाल्या आणि पुन्हा मासे उचलले.

मी खरं बोलत होतो, आणि ते खोटं ठरत होतं. जेव्हा खरं बोललो नाही, तेव्हा माझ्या 'असात' या एका शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता.

"डॉक्टरानू, तुमी आता गप ऱ्हवा," सुलोचनावयनी म्हणाल्या. "फिलू, हात धुव. नातीक घे."

"नको गो सुलू."

"घे म्हणतय. मगे मी चेडवाची दिष्ट काढतय. तुझी नजर वायट असात, तर हयच दिसात. साक्षीक डॉक्टर आसत, पाद्री बोलवची गरज नाय."

"सुलू, माझी नात आसा ती! खेळ नको."

"आणि माझी कोण ती?"

हात धुऊन फिलूबायंनी सुनेकडे पाहिलं. सून उठली आणि तिने बाळ सासूच्या हातात दिलं. फिलूबायंनी डोळे गच्च मिटले.

"डोळे उघड," वयनी म्हणाल्या. "नीट बघ. गाल बघ, पाय बघ. आता कायतरी बरा बोल तेका."

"माका जमाचा नाय."

"माझ्या म्हशीक बरा जमला तुका!"

त्याही स्थितीत फिलूबायंना हसू फुटलं. मग त्यांनी डोळे उघडले. खूप वेळ बघत राहिल्या. अगदी हळू म्हणाल्या, "केदे मोठे डोळे गो तुझे, बाय."

वयनींनी सुनेकडून मीठ-मिरच्या मागून घेतल्या, बाळावरून ओवाळल्या आणि ओटीच्या कोपऱ्यात करवंटीच्या निखाऱ्यांवर टाकल्या. यात समज असा की दिष्ट लागली असेल तर मिरची जळूनही ठसका येत नाही. नसेल लागली, तर खकाणा उठतो.

खकाणा असा उठला की सायमनचा कुत्रा माडापर्यंत पळाला. सून तोंडाला पदर लावून बाहेर. मी शिंकून शिंकून आंधळा झालो. फिलूबाय बाळाला छातीशी धरून वाऱ्याच्या बाजूला धावल्या, पार विहिरीपलीकडे. बाळ रडलंसुद्धा नाही.

"गेलो माझो जीव!" सुलोचनावयनी खोकत ओरडल्या. "बघलस मा? कसली दिष्ट नि कसला काय!"

फिलूबाय विहिरीकडून परत आल्या नाहीत. तिथेच पायरीवर बसल्या, बाळ मांडीवर घेऊन. सून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी आणि वयनी ओटीवर डोळे पुसत उभे.

मिरची निखाऱ्यावर टाकली की ठसका लागतो, हे मला माहीत आहे. परतताना मी वयनींना विचारलं, "दिष्टीक पाच-सात मिरच्यो लागतत. तुमी मूठभर टाकलास, आणि त्या पण लवंगी?"

त्या थांबल्या. "डॉक्टरानू, त्या वेळेक मी तुमका कायव इचारूक नाय. आता तुमी माका इचारू नकात."

सून वेंगुर्ल्याला गेली नाही. बाळाला रोज फिलूबायच न्हाऊ घालतात. काजळाचा ठिपका लावतात, गळ्यात छोटा क्रॉसही आहे. खाद्याची गोष्ट मात्र त्यांना आजही पटलेली नाही. मी त्यांच्यासाठी खोटं बोललो, असंच त्या सगळ्यांना सांगतात आणि देवमाणूस म्हणून सायमनच्या हाती मला ताजी सुरमई पाठवतात. म्हणून हे छापून येईल असं लिहिलं. वाडीतलं कोणी त्यांना वाचून दाखवेल.

नव्या पशुवैद्यकांना एवढंच सांगेन. आपली चूक जनावर आजारी असतानाच कबूल करावी. नंतर आपल्या बॅगेतलं कुठलंच औषध चालत नाही. आणि सुलोचनावयनींसारखी माणसं प्रत्येक वाडीत भेटतील, असं समजू नये.