दहावी पाटी

संघाचा फॉर्म आणि दाजींचा गुडघा एकाच मोसमात गेला. संघाबद्दल सगळा देश बोलत होता. गुडघ्याबद्दल दाजींनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

दाजी मैदानावरच्या धावफलकाच्या पोटात काम करत. बाहेरून तो फलक ऐटबाज हिरवा दिसे. आतून ती पत्र्याची उंच, अरुंद खोली होती आणि उन्हात तव्यासारखी तापे. खालच्या खिडक्यांत धावांच्या पाट्या लावायच्या, ते काम दाजींच्या मेहुण्याचं. अगदी वर, शिडीच्या टोकाशी, किती गडी बाद झाले ते सांगणारी खिडकी. ती दाजींची. मेहुणा त्यांना दाजी म्हणे, म्हणून माळी, पंच, पाणीवाला, सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले, आणि दाजींच्या तरुणपणी एकदा तेव्हाचा कर्णधारही म्हणून गेला. दाजींची बायको म्हणायची, "एवढे भाऊ झाले मला, पण एकालाही कधी बहिणीकडे यावंसं वाटलं नाही."

दाजींचा एकच हट्ट होता. पाटी सरळ लागली पाहिजे. खाली उतरून लांबून बघायचं, केसभर कलती दिसली तरी पुन्हा वर चढायचं. आयुष्यात त्यांनी एक पाटी वाकडी राहू दिली नव्हती. याबद्दल त्यांना कधी कुणी शाबासकी दिली नाही, कारण सरळ पाटीकडे कोण बघतो.

तर त्या वर्षी पाहुणा संघ आला. बाकीची मैदानं दुरुस्तीला काढलेली, त्यामुळे मालिकेतले तिन्ही कसोटी सामने याच मैदानावर ठरले. घरचं मैदान, घरची माती, घरचे प्रेक्षक. आपण जिंकणार हे इतकं नक्की होतं की वर्तमानपत्रांनी कौतुकाचे लेख आधीच लिहून ठेवले असावेत. पहिल्या सामन्यात आपले फलंदाज असे परत येऊ लागले, जसा काही आत चहा गार होत होता.

हरण्याचं दुःख दाजींनाही झालं. पण प्रत्येक गडी बाद झाला की पाटी बगलेत मारून शिडी चढायची, जुनी काढायची, नवी अडकवायची, उतरायचं, लांबून बघायचं. पाय टेकतो न टेकतो तोच बाहेर पुन्हा अपील. एकदा तर दाजी निम्म्या शिडीवर असतानाच पुढचा गडी गेला, आणि त्यांना हातातली पाटी न लावताच माघारी फिरावं लागलं. त्या संध्याकाळी मैदानाचे व्यवस्थापक आत डोकावले.

"दाजी, फलक मागे पडला आज."

"फलंदाज फार पुढे गेले साहेब."

व्यवस्थापक हसले नाहीत. "ज्याला चढवत नाही त्याला मी गेटवर देतो, तुम्हाला माहीत आहे. तिकिटं फाडायची. बसायला स्टूल आहे."

दाजींना ते स्टूल चांगलं माहीत होतं. त्याचं तोंड रस्त्याकडे होतं. तिथे बसणाऱ्याला मैदानावर काय झालं ते पाठीमागच्या आरडाओरड्यावरून ओळखावं लागे. इतकी वर्षं खेळ बघितल्यावर त्याच्याकडे पाठ करून बसायचं, या विचारानेच दाजींना जेवण जाईना.

घरी बायकोने विचारलं, "अहो, गुडघा दुखतोय का?"

"गुडघ्याला काय झालंय? आहे जागेवर."

"मग बूट घालताना भिंत कशाला धरता?"

"भिंत हलते का ते बघतो," दाजी म्हणाले, आणि विषय तिथेच थांबला.

दुसऱ्या सामन्यासाठी त्यांनी युक्ती काढली. शिडीच्या टोकाला आडवी फळी ठोकली आणि सकाळीच वर जाऊन बसले. गडी बाद होणार हे धरूनच चालायचं, मग चढ-उतार कशाला? पुढची पाटी आधीच मांडीवर घेऊन ठेवायची. पंचांचं बोट वर गेलं की हात लांबवला, पाटी लागली. सरळ आहे की नाही ते मेहुणा बाहेर पळत जाऊन बघून सांगे. फलक इतका वेळेवर कधीच चालला नव्हता.

फक्त एक गोष्ट दाजींच्या लक्षात आली नाही. खिडकी पाटीपेक्षा जरा मोठी होती. कर्णधार छान जम बसवून खेळत होता. षटक संपलं तेव्हा त्याने धावा बघायला मान वर केली, आणि लावलेल्या पाटीच्या शेजारी, एका माणसाच्या मांडीवर, पुढच्या पाटीचा आकडा त्याला स्पष्ट दिसला. माणूस शांतपणे त्याच्याकडेच बघत होता. पुढच्याच चेंडूवर कर्णधाराचा त्रिफळा उडाला.

सामना गेला, त्याबरोबर मालिकाही गेली. तज्ज्ञांनी पायांच्या हालचालींवर, खेळपट्टीवर आणि आजच्या तरुण पिढीवर खापर फोडलं. कर्णधाराने बंद दाराआड व्यवस्थापकांना सांगितलं, "तुमचा माणूस माझी विकेट मांडीवर घेऊन बसला होता." नाचता येईना अंगण वाकडं, असं व्यवस्थापकांच्या मनात आलं असेलही. पण अंगण त्यांच्या ताब्यात होतं आणि नाचणारा कर्णधार होता. त्यांनी फळी उखडायला लावली.

"पंचांचं बोट वर गेल्याशिवाय पाटी जमिनीवरून उचलायची नाही," ते म्हणाले. "आणि आता फलक मागे पडला तर गेट."

तिसऱ्या सामन्यात दाजींच्या देशभक्तीची कसोटी लागली. आपली फलंदाजी असली तर प्रश्न नव्हता; आपले टिकावेत असं सगळ्यांनाच वाटे, दाजींनाही वाटे. पण पाहुणे खेळायला आले तरी दाजींच्या तोंडून तेच निघे. शेवटच्या डावात, आपल्या गोलंदाजांना कधी नव्हे तो सूर सापडलेला असताना, मेहुण्याने त्यांना पुटपुटताना ऐकलं.

"टिका रे बाबांनो. घाई कसली आहे?"

मेहुण्याने हातातली पाटी खाली ठेवली. "दाजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

दाजींनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघा चांगलाच सुजला होता. मेहुणा बघत राहिला.

"ताईला माहीत आहे?"

"नाही. आणि कळता कामा नये. ती मला घरी बसवेल, साहेब गेटवर बसवतील. मला इथे उभं राहायचंय."

"मी चढतो."

"मग धावा कोण लावणार? तुझं तू बघ."

मेहुणा जेवणाच्या सुट्टीत पाणी आणतो म्हणून गेला आणि बराच उशिरा परतला. पाणी आणायला मात्र विसरला होता.

दुपारभर पाहुण्यांचे गडी पडत गेले आणि दाजी चढत गेले. प्रत्येक वेळी शिडी थोडी लांबली आहे असं त्यांना वाटे. नववी पाटी लावून उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पिळण्यासारखा झाला होता. शेवटची जोडी मात्र चिवट निघाली. चेंडू अडवतेय, सोडतेय, पायाशी दाबतेय. सगळं मैदान नखं खात होतं. दाजी मनात त्या दोघांना दुवा देत होते आणि त्याबद्दल स्वतःला शिव्याही देत होते.

मग उंच उडालेला झेल, सगळा आवाज बंद, आणि एकदम छप्पर उडेल असा जल्लोष. आपण जिंकलो होतो. मालिका गेली होती, पण नाक वाचलं होतं.

मेहुण्याने दहावी पाटी उचलून शिडीवर पाय ठेवला. आता धावा लागायच्या नव्हत्या, तो मोकळा होता. दाजींनी त्याची कॉलर धरली.

"दे इकडे. ही माझी आहे."

ते चढले. पायरीगणिक थांबले. मधल्या पायरीवर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं होतं आणि थोडं जिंकल्याचंही. वर पोचून त्यांनी पाटी अडकवली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. मैदानावर खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले होते. फलकाकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. समोरच्या गॅलरीत मात्र एक बाई बसून राहिली होती. तिच्या पुढचे सगळे उभे राहून नाचत होते, आणि ती त्यांच्या मधून मान काढून, कपाळावर हात धरून, सरळ या खिडकीकडे बघत होती. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती दाजींची बायको होती.

चढताना गुडघा दुखतो. उतरताना तो असतच नाही. दाजींनी एक पाय खाली सोडला आणि पुन्हा वर घेतला. बक्षिसं वाटून झाली, भाषणं झाली, माणसं घरी निघाली, तरी दाजी वरच. शेवटी पत्र्याचं दार वाजलं आणि बायको आत आली. तिने खोली एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली, पदर खोचला आणि शिडी दोन्ही हातांनी धरली.

"या. धरलीय मी."

दाजी पाठमोरे, एकेक पायरी चाचपत उतरले. जमिनीवर पाय टेकला तरी तिने शिडी सोडली नाही.

"दिसली का पाटी तिथून?" त्यांनी विचारलं.

"दिसली. वाकडी लागलीय."

दाजींनी शिडीकडे पाहिलं. मग मेहुण्याकडे, मग बायकोकडे. तिने तोंडावरची रेषही हलवली नाही.

"राहू दे," दाजी म्हणाले. "तो करील सरळ."

मेहुणा चढेपर्यंत ते थांबले नाहीत. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, हळूहळू, गेटपर्यंत आले. तिकीटवाला केव्हाच गेला होता. स्टूल रिकामं होतं. दाजींनी ते उचललं, फिरवून मैदानाकडे तोंड करून ठेवलं आणि बसून पाहिलं. इथून मैदान दिसत नव्हतं, मध्ये गॅलरी येत होती. फलकाचा वरचा कोपरा तेवढा दिसत होता.

"चालेल का?" बायकोने विचारलं.

वर खिडकीत मेहुण्याचा हात दिसला. पाटी जराशी हलली आणि सरळ झाली.

"चालेल," दाजी म्हणाले.