टेपवरचं खाकरणं

अर्धी बादली वाळत घालून झाली होती आणि अर्धे कपडे पिळून तसेच पडले होते, एवढ्यात फोन वाजला. रेडिओमामांनी ओले हात सदऱ्याला पुसले. दुरुस्तीला रेडिओ यायचे बंद होऊन कैक वर्षं झाली, पण गल्लीने ठेवलेलं नाव काही सुटलं नाही. हल्ली त्यांच्याकडे येत ती गाण्याच्या शौकिनांची भारीभारी यंत्रं. मामा ती अशी हाताळत की वाटावं, तान्हं बाळ न्हाऊ घालतायत.

"मामा, परत तेच," पलीकडून जुन्या ओळखीच्या मावशींचा मुलगा म्हणाला. "आवाज नुसता पत्र्यावर बडवल्यासारखा. आईने टेप लावायचंच सोडलंय. तो बाबांचा जुना प्रीअँप काढून टाकतो आणि नवीन आणतो. संपला विषय."

"ए बाबा, थांब. हात लावू नकोस त्याला. मी आज येतो."

प्रीअँप म्हणजे टेपवरचा नाजूक आवाज आधी सावरून पुढे धाडणारा डबा. त्याच्या पुढचा पॉवर अँप्लिफायर त्या आवाजात बळ भरतो आणि स्पीकर हलवतो. मावशींच्या यजमानांनी नोकरी सांभाळून, दोन वर्षांचे रविवार घालवून हा प्रीअँप स्वतः जोडला होता. तारा डागून जोडायची सोल्डर गन कशी धरायची ते मामांनीच शिकवलं होतं. यजमान रोज सकाळी प्रार्थना वाचत. त्यांचा आवाज खोल, विहिरीतून आल्यासारखा. ते गेले आणि मागे त्या वाचनाच्या टेपा राहिल्या. मावशी रोज अंघोळ झाली की टेप लावायच्या आणि त्यांच्या मागोमाग म्हणायच्या. इतकी वर्षं दोघांची प्रार्थना काही चुकली नव्हती.

मग जुना पॉवर अँप्लिफायर जळाला. मुलाने मोठ्या हौसेने नवा, उंची आणला. त्या दिवसापासून मावशी म्हणू लागल्या, "हा ह्यांचा आवाज नाही. दुसराच कुणीतरी वाचतोय."

मामांनी दोनदा प्रीअँप घरी आणला आणि दोनदा आपल्या टेबलावरच्या जुन्या अँप्लिफायरला जोडून अख्खी टेप ऐकली. आवाज गोल, भरलेला. दोनदा त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "माझ्या टेबलावर वाजलं म्हणजे वाजलं." आणि मावशींकडे डबा परत लागताच दोनदा तोंडघशी पडले.

"कुणाचा फोन?" बायकोने आतून विचारलं.

"मावशींच्या मुलाचा. डबा चांगला आहे गं. इथं किती छान वाजला, तूच ऐकलास की."

"माहेरी कुठली मुलगी भांडते हो? सासरी जाऊन बघा काय चाललंय ते." ती हसली. "आणि ते कपडे? कोण घालणार वाळत, प्रीअँप?"

"चिमटे संपलेत."

"कारणं नाही संपत."

खरंच की, डबा दोनदा माहेरी आणला, पण सासर एकदाही बघितलं नाही. मामांनी पिशवीत सोल्डर गन, मीटर, पक्कड आणि कंडेन्सरची डबी टाकली आणि चप्पल पायात सरकवली.

मावशींच्या दिवाणखान्यात नवा अँप्लिफायर ऐटीत बसला होता. मामांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि त्याच्यासोबत आलेलं पुस्तक उघडलं. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हात्तिच्या! अरे, हा तर घटाघटा पिणारा आहे."

"म्हणजे?" मुलगा म्हणाला.

"तुमचा जुना आणि माझ्या टेबलावरचा, दोघं घोटघोट घेणारे. हा त्यांच्या दहापट ओढतो. आणि डब्याच्या दारात आवाज पुढे सोडणारा कंडेन्सर आहे एवढासा. बारीक आवाज त्यातून निसटतो, जाडा आवाज आतच अडकतो. म्हणून पत्रा. तो एवढासा कंडेन्सरही मीच दिला होता तुझ्या बाबांना. तेव्हा पुरत होता."

त्यांनी डब्याचा प्लग काढला आणि मावशींनी दिलेला चहा सावकाश प्यायला. अशा काचेच्या व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रात प्लग काढल्यावरही वीज मुरलेली असते, तिला निवायला वेळ द्यावा लागतो. मग झाकण उघडलं आणि वीज उरली नाही ना ते मीटरने तपासलं. डाव्या-उजव्या बाजूचे दोन्ही जुने कंडेन्सर काढले आणि अंगठ्याएवढे दोन नवे बसवले. जागेत मावेनात, म्हणून जरा आडवे निजवले. बाकी यजमानांच्या एकाही जोडाला त्यांनी हात लावला नाही.

मावशी दाराशीच उभ्या होत्या. "भाऊ, या खेपेला नाही जमलं तर राहू दे. पुन्हा पुन्हा आशा लावून बसायचं आणि परका माणूस ऐकायचा, नाही सोसत आता."

"बसा तर खरं, मावशी."

टेप फिरू लागली. आधी नुसती खरखर. मग वाचायच्या आधीचं ते खाकरणं, खोल, छातीतून आलेलं. गेले तीन महिने ते ऐकूच आलं नव्हतं.

"आधी पाणी घ्या," मावशींच्या तोंडून निघून गेलं.

मुलाने आईकडे पाहिलं. मावशी दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. तोवर वाचन सुरू झालं होतं. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात जोडले आणि त्याच जुन्या लयीत, अर्धा शब्द मागे राहून, त्याही म्हणू लागल्या.

मुलाने मामांना खुणेने बाहेर नेलं. "एवढंसंच होतं, मामा?"

"एवढंसंच. दोनदा शहाणपणा केला मी, म्हणून मोठं झालं. आणि डबा आता काढायचा नाही हं."

"छे हो. आई घराबाहेर काढेल मला."

आतली प्रार्थना पुरी होईपर्यंत मामा पायरीवर थांबले. मग पिशवी खांद्याला लावून निघाले. वाटेत कोपऱ्यावरच्या दुकानातून कपड्यांचे डझनभर चिमटे घ्यायचे होते.